पट्ट्या लावून चालायचं

दवाखान्यात नवीन पेशंट आला की त्याची नजर आधी मशीनवर जाते. मी त्याचं दुखणं ऐकून घेते, हात लावून तपासते, वाकायला-वळायला लावते. त्याला मात्र वाटत असतं की हे सगळं इलाजाच्या आधीचं आहे, खरा इलाज पट्ट्या लागल्यावर सुरू होणार. "करंट लावणार न्हवं?" असं सांगलीच्या मार्केट यार्डातला हमाल विचारतो, आणि साताऱ्यातल्या निवृत्त शिक्षिकाबाईही विचारतात. फिजिओथेरपीत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. सुरुवात साताऱ्यात, दुसऱ्याच्या दवाखान्यात झाली. लग्न होऊन सांगलीला आले आणि स्वतःचा दवाखाना काढला. सातारा माहेर असल्यामुळे तिथलं येणं-जाणं आणि तिथले पेशंट सुटले नाहीत. वीज माणसाच्या दुखण्यावर कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे मला या दोन जिल्ह्यांतल्या माणसांनी शिकवलं.

लोक सगळ्याच मशीनना करंट म्हणतात, पण आत वेगवेगळी कामं चाललेली असतात. शॉर्टवेव्ह डायथर्मी 27.12 मेगाहर्ट्झच्या लहरींनी आतून शेक देते. अल्ट्रासाउंड तर ऐकू न येणारा आवाज आहे. खोल जायचं असेल तर 1 मेगाहर्ट्झ, वरच्या थरासाठी 3. शरीरात खरी वीज सोडतात ती टेन्स, आयएफटी आणि मसल स्टिम्युलेटर ही तीन यंत्रं. पहिली दोन वेदनेसाठी, तिसरं स्नायूसाठी.

वेदना कशी कमी होते, हे पेशंटला सांगायला मला कधी जड गेलं नाही. कोपर दारावर आपटलं की आपण ते चोळतो, आणि चोळल्याने बरं वाटतं. स्पर्शाचा निरोप जाड, वेगवान तंतूंतून येतो, वेदनेचा बारीक आणि संथ तंतूंतून. दोन्ही मणक्यातल्या मज्जारज्जूत एकाच ठिकाणी पोचतात आणि तिथे स्पर्शाचा निरोप वेदनेचं दार निम्मं लोटून घेतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली हा सिद्धांत मांडला आणि टेन्सचं यंत्र त्यातूनच पुढे आलं. सेकंदाला 80 ते 120 ठोके दिले तर मुंग्या येतात आणि आराम लगेच वाटतो. 2 ते 4 असे सावकाश, जरा जोराचे ठोके दिले तर शरीर स्वतःचं वेदनाशामक रसायन सोडतं. आराम उशिरा येतो, पण जास्त वेळ टिकतो. आयएफटीत 4,000 आणि 4,100 हर्ट्झचे दोन प्रवाह एकमेकांना छेदून जातात आणि जिथे छेदतात तिथे 100 हर्ट्झचा ठोका तयार होतो. जास्त वारंवारितेला कातडीचा विरोध कमी असतो, म्हणून प्रवाह फारसा न टोचता आत उतरतो. रोमन काळातला वैद्य स्क्रिबोनियस लार्गस संधिवाताच्या रोग्याला समुद्रकाठी जिवंत वीज-माशावर पाय ठेवून उभं करायचा, पाय बधिर होईपर्यंत. म्हणजे वीज कुठून येते ते कळायच्या आधीपासून माणूस तिच्याकडून आराम मागत आलेला आहे.

मी साताऱ्यात कामाला लागले ते भारनियमनाचे दिवस होते. ज्या जिल्ह्यातल्या कोयनेच्या पाण्यावर 1,960 मेगावॉटचा प्रकल्प चालतो, त्या जिल्ह्यात दिवसाचे कित्येक तास लाइट नसायची. पाटणकडून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ते फार लागायचं. त्यांच्यातल्या काहींची जमीन त्याच पाण्याखाली गेली होती. लाइट कधी जाणार याचं वेळापत्रक आमच्या भिंतीवर असायचं आणि पेशंटच्या वेळा त्यावरून ठरायच्या. तरी मेढ्याहून, कोरेगावहून एसटीने आलेल्या माणसाला लाइट नाही म्हणून परत कसं पाठवायचं? 2006 साली चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा तर बसायला जागा उरत नसे. सकाळी उठून तांब्या धरता येत नाही, जिना उतरताना भिंतीला धरावं लागतं, अशी चांगली धडधाकट माणसं. त्यांच्या सांध्यांसाठी मेणाचा शेक, कोमट पाणी आणि हळूहळू हालचाल एवढंच हातात होतं, आणि मेण वितळवायलाही लाइट लागायची. त्या काळात आमची लाज राखली ती 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या टेन्सच्या डबीने.

त्या डबीमुळेच माझ्या कामाची रीत बदलली. कोरेगावकडचे एक आबा यायचे. कमरेतून डाव्या पायात कळ जायची, गादी सरकल्याचा एमआरआय हातात, आणि चालताना धड एका अंगाला कललेलं. एका दुपारी लाइट गेलेली, खोलीत मरणाचा उकाडा. आबांच्या कमरेला चार पट्ट्या लावल्या, डबी सदऱ्याच्या खिशात ठेवली, खाटेवर पालथं झोपवलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. परत येऊन बघते तर खाट रिकामी. आबा व्हरांड्यात येरझारा घालत होते. "आत जीव घाबरा होतोय, पोरी. म्हटलं, वाईच फिरावं." मी त्यांना आत बोलावणार होते, पण त्यांची चाल बघून तशीच उभी राहिले. धड बरंच सरळ झालं होतं. वळताना ते थांबत नव्हते. कळ नव्हती म्हणून नव्हे. कळ होती, पण मुंग्यांच्या खाली दबलेली, आणि तेवढ्या वेळात आबांना आपला पाय पुन्हा टाकून बघायची हिंमत आली होती.

पाठदुखीच्या माणसाला तपासताना हाताला जे कडक लागतं त्यात भीतीचा वाटा फार मोठा असतो. वाकलो तर शीर आणखी दबेल, पाय टाकला तर चमक येईल, म्हणून तो सगळे स्नायू आवळून धरतो. आवळलेले स्नायू दुखायला लागतात, मग आणखी आवळतो. करंट हे चक्र 20-30 मिनिटं सैल करतो. त्या वेळात पेशंट खाटेवर पडून छताकडे बघत राहिला तर उठल्यावर तासाभराने दुखणं जिथल्या तिथे. त्याच वेळात तो वाकला, बसून उठला, पायरी चढला, तर शरीराला कळतं की हे करूनही काही मोडलं नाही. आबांनंतर मी पेशंटना पट्ट्या लावून निजवणं हळूहळू बंद केलं. पट्ट्या लावायच्या आणि चालायचं. मोठ्या मशीनच्या वायरी जेवढ्या लांब तेवढ्यात, डबी असेल तर दवाखानाभर. सुरुवातीला लोक नाराज व्हायचे. दवाखान्यात येऊन पडायलाही मिळत नाही म्हणजे काय! शेतात राबणाऱ्या बायकांच्या बाबतीत ही नाराजी मला कळायची. दिवसभरात पाठ टेकायची हक्काची जागा म्हणजे ती खाट. त्यांना मी आधी पाच मिनिटं नुसतं पडू देत असे, अजूनही देते.

सांगलीत आल्यावर पेशंटची जात बदलली. मार्केट यार्डात हळदीचं पोतं पाठीवर घेऊन थप्पी लावणारे हमाल, तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांत मांडवाखाली मान वर करून छाटणी, विरळणी आणि डिपिंग करणाऱ्या बायका, विट्याकडचे यंत्रमागावर उभे राहणारे कामगार. प्रत्येकाच्या दुखण्यावर त्याच्या कामाचा शिक्का. द्राक्षाच्या हंगामात मान आणि खांदे, हळदीच्या हंगामात कंबर. कॅलेंडर न बघता मला महिना सांगता येतो.

हमालांकडून मी एक गोष्ट शिकले, ती कडू आहे. एका काकांना आयएफटीने चांगला गुण आला. "ताई, लई हलकं वाटतंय." दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते दोघांच्या खांद्यावर हात टाकून. हलकं वाटलं म्हणून त्यांनी बुडालेल्या दोन दिवसांची भरपाई करायला जास्तीची पोती उचलली होती. पोतं 50 किलोचं असतं आणि मजुरी पोत्यावर असते. आराम करा, हे सांगणं त्या माणसाला खिशातले पैसे टाकून द्या असं सांगण्यासारखं आहे. तेव्हापासून रोजावर जगणाऱ्या माणसाची वेदना मी एकदम पार उतरवत नाही. निम्मी उतरवते, आणि उरलेली त्याला सावध ठेवायला राहू देते. मग पोतं घेताना गुडघे कधी वाकवायचे, पोतं पाठीवर येताना श्वास कुठे धरायचा, थप्पी खांद्याच्या वर गेली की जोडीदाराला कधी हाक मारायची, हे यार्डात जाऊन, पोत्याशी उभं राहून बघितलं. हमालांना आपलं काम माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं. दुखऱ्या कमरेने ते कसं करायचं, तेवढंच मी त्यांच्याबरोबर बसून ठरवते.

आता स्नायूबद्दल. ज्या मशीनवर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे ते म्हणजे स्टिम्युलेटर. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालेल्या एका मावशी तासगावहून आल्या होत्या. टाके सुकलेले, जखम उत्तम, पण पाय सरळ ठेवून उचला म्हटलं की मांडी हलायची नाही. मावशी डोळे मिटून, दात आवळून जोर लावायच्या आणि वाटी जागची हलत नसे. घरचे म्हणत होते, म्हातारी कष्ट घेत नाही. सांध्यात सूज असली की मज्जारज्जू मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा हुकूम अडवून ठेवतो. शरीर सांध्याला जपायला जातं आणि स्नायू दिवसागणिक सुकत जातो. यात आळसाचा काहीही संबंध नसतो.

मी जेल लावून पेन इलेक्ट्रोड वाटीच्या वर, आतल्या बाजूला टेकवला. तिथे मांडीच्या स्नायूचं थेंबाच्या आकाराचं टोक असतं. मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवत गेले. एका जागी कातडीखाली बारीकशी उडी दिसली. करंट किंचित वाढवला. स्नायू गोळा झाला, वाटी वर सरकली आणि टाचेखालच्या चादरीची घडी मोडली. मावशी उठून बसल्या. "ह्यो माझाच पाय हाय न्हवं?" म्हटलं, मावशी, आता मशीन उचलेल तेव्हा तुम्हीही उचला. 10 सेकंद जोर, 50 सेकंद विश्रांती. हा हिशोब सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह कोट्स यांनी 1970च्या दशकात खेळाडूंसाठी घालून दिला. थकलेल्या स्नायूला तो मोठा विसावा फार महत्त्वाचा असतो. पहिल्या दिवशी सगळं मशीनने केलं. पुढच्या आठवड्यात मी अधूनमधून करंट न सांगता शून्यावर आणायची आणि मावशी तरीही पाय उचलायच्या. अमेरिकेतल्या लिन स्नायडर-मॅकलर यांनी 1990च्या दशकात गुडघ्याच्या लिगामेंटच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासांत हेच आढळलं: नुसत्या व्यायामापेक्षा व्यायामाला जोरकस करंटची जोड मिळाली की मांडीची ताकद लवकर परतते. जोरकस हा शब्द महत्त्वाचा. नुसत्या गुदगुल्या करणाऱ्या करंटने स्नायू वाढत नाही. तो सहन करावा लागतो.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि हरभट रोड, गावभाग, सगळं पाण्याखाली आलं. माझा दवाखाना तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर दार उघडलं तेव्हा मशीनच्या पडद्यांमागे चिखल बसलेला होता. त्यानंतरचे दिवस सांगलीतल्या कुणालाच विसरता येणार नाहीत. प्रत्येक घरात माणसं खोऱ्याने चिखल काढत होती, भिजलेल्या गाद्या आणि धान्याची पोती ओढत होती, आणि संध्याकाळी कंबर धरून बसत होती. मी एका ओळखीच्यांच्या पहिल्या मजल्यावर, दोन सतरंज्या टाकून काम सुरू केलं. मशीन एकही नाही.

त्या काळात कुणाला काय लागतं याची आपोआप निवड झाली. साधी कंबर, साधी मान, उसण भरलेली पाठ ही दुखणी मशीन असताना जितक्या दिवसांत बरी होतात, तितक्याच दिवसांत गरम पाण्याची पिशवी, हात आणि व्यायाम यांवर बरी झाली. खांदा आखडलेले मधुमेही, ज्यांना वर्ष-दीड वर्ष धीर धरावाच लागतो, त्यांच्यातही मशीन नसल्याने फरक पडला नाही. पण दोन प्रकारच्या पेशंटची अडचण झाली. एक, गुडघ्याची ऑपरेशनं झालेले, ज्यांची मांडी हलत नव्हती. आणि दुसरे, वेदनेला इतके भ्यालेले की हातही लावू देत नव्हते. मग मी मिरजेतून एका मैत्रिणीचा स्टिम्युलेटर आणि बॅटरीची टेन्स डबी मागून आणली. आयएफटीचं मोठं मशीन मात्र कित्येक महिने घेतलं नाही, आणि त्यावाचून काही अडलं नाही.

हे मला नवीन होतं असं नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2016 साली कंबरदुखीसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत टेन्स, आयएफटी आणि अल्ट्रासाउंड देऊ नका असं सरळ सांगितलं होतं, आणि 2022 साली गुडघ्याच्या झिजेसाठीही विजेच्या उपचारांबद्दल तेच म्हटलं. आमच्या व्यवसायात अशा गोष्टी मोठ्याने बोलल्या जात नाहीत, कारण दवाखान्याचं भाडं मशीनमधून निघतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'आयएफटी, शॉर्टवेव्ह, 10 दिवस' लिहिलेलं असतं. व्यायामाचा उल्लेख असलाच तर शेवटी. पेशंटही 10 बैठका मोजून घेतो. एखादी सकाळ मी मशीन न लावता तासभर घाम गाळून व्यायाम करून घेतला, तर पैसे देताना त्याचा हात घुटमळतो. पण ज्यांनी आपली कंबर माझ्या स्वाधीन केली त्यांना खरं सांगायलाच हवं, आणि मी सांगते: मशीनने गादी आत जात नाही, कुर्चा परत उगवत नाही, मणक्यातली जागा वाढत नाही. मशीन तुम्हाला हलायला थोडा वेळ मिळवून देतं. काही पेशंट यामुळे दुसरीकडे जातात. त्याचं वाईट वाटतं, पण सांगायचं थांबवावंसं वाटत नाही.

एका तालमीतला पैलवान, वय विशीच्या आतलं, मांडीच्या मागचा स्नायू फाटलेला. मोठ्या मैदानाची जोड ठरलेली. त्याची मागणी साधी होती: कुस्तीच्या आधी करंट लावून पाय बधिर करून द्या, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. "मॅडम, कुस्ती धरलीय. आता माघार घेतली तर गावात तोंड कसं दाखवू?" कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं त्याला इतकी वर्षं झाली, पण या भागातल्या प्रत्येक तालमीतल्या पोराच्या डोळ्यांत ते आहेच. त्याला नाही म्हणणं सोपं नव्हतं. वेदना दाबून फाटलेल्या स्नायूवर जोर टाकला तर पोटरीपर्यंत काळं-निळं होऊन सहा महिने घरी बसावं लागेल, हे मी चित्र काढून समजावलं. तो ऐकेना. त्याच्या वस्तादांना बोलावलं. वस्ताद खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मैदानं दरसाल येत्यात. पाय येकच हाय." आणि स्वतः आयोजकांना फोन लावला. पुढचे दोन महिने तो पोरगा रोज आला. स्नायू ताणत ताणत ताकद वाढवायचे व्यायाम केले, करंट फक्त पहिल्या आठवड्यात.

2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने वजन उचलताना उजव्या कोपराला दुखापत होऊनही तिसरा प्रयत्न केला आणि एकूण 248 किलोवर रौप्य मिळवलं, तेव्हा सगळी सांगली टीव्हीसमोर होती. नंतर कित्येक दिवस जिममधली पोरं मला विचारायची, अशी दुखापत करंटने किती दिवसांत भरेल? मी म्हणायची, लिगामेंट करंटने भरत नाही. ते भरायला त्याचा त्याचा वेळ लागतो, आणि तोवर बाकीचा हात जिवंत ठेवणं हे आपलं काम.

साताऱ्यात 2012 पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं आणि त्याच वाटेने उतरायचं, 21 किलोमीटर. मी जमेल तेव्हा शेवटच्या रेषेपाशी मदतीला जाते. पहिल्यांदा पळणाऱ्यांना वाटतं चढणीने पाय गेले. पाय जातात ते उतरणीने. उतरताना मांडीचा स्नायू लांब होत असतानाच ब्रेक लावत असतो, आणि त्या कामात त्याचे सूक्ष्म धागे तुटतात. दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. लोक शेवटच्या रेषेवरच रिकव्हरीचा करंट मागतात. बरं वाटतं म्हणून 15 मिनिटं लावायला माझी ना नाही. पण तुटलेले धागे जुळायचे ते झोपेत, जेवणात आणि दुसऱ्या दिवशीच्या हलक्या चालण्यात. सरावात उतरण घ्या, हे मी दरवर्षी सांगते. घाटात राहणारी पोरं ते न सांगता करतात आणि सोमवारी जिना सरळ उतरतात.

सगळ्यात अवघड पेशंट अर्धांगवायूचे. त्यांच्यापेक्षा त्यांच्या घरचे. हाताला करंट लावला की बोटं उघडतात, मुलगा आनंदाने आईला हाक मारतो, आणि मशीन बंद केलं की बोटं मिटतात. ती दोन मिनिटं त्या घरासाठी काय असतात हे मी अनेकदा बघितलं आहे. करंटने स्नायू हलतो. हुकूम देणारी जागा मेंदूत आहे आणि तिला पुन्हा शिकवावं लागतं. म्हणून मी बोटं उघडतील त्याच क्षणी समोर पाण्याचा पेला ठेवते आणि सांगते, धरा. करंट आणि इच्छा एकाच वेळी. बंद करंट, उघडे डोळे, पुन्हा पेला. असं शंभर वेळा. चेहऱ्याचा लकवा, तोंड एका बाजूला वाकडं होतं तो, याच्या उलट. त्यात दहातले सात जण काही न करताही पूर्ण बरे होतात. तिथे मी डोळा कोरडा पडू नये म्हणून पट्टी आणि थेंब यांच्यावर जास्त वेळ घालवते. जे आपोआप व्हायचं आहे त्याचं श्रेय मशीनला द्यायला मला आवडत नाही.

गळीत हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांना 10 बैठका परवडत नाहीत. उचल घेतलेली असते, मुकादम एका दिवसाच्या वर सोडत नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणाऱ्या बायकांच्या माना आणि खांदे बघितले की एकाच भेटीत काय देता येईल हा प्रश्न रोजचा. एकीच्या डाव्या मनगटावर कोयता निसटला होता. मिरजेत नस शिवली गेली होती. 1894 साली डॉ. वॉन्लेस यांनी दवाखाना काढल्यापासून लोक दूरदूरहून मिरजेला येतात, तशीच तीही गेली. माझ्याकडे आली तेव्हा अंगठ्याचं बूड सपाट झालेलं. छोट्या ठोक्यांना तिथला स्नायू उत्तर देत नव्हता; 100 मिलिसेकंदांचा लांब ठोका दिला की संथपणे हलायचा. नस मेलेल्या स्नायूची ती खूण. नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते. मी तिला मनगट आणि अंगठ्यातलं अंतर बोटाने मोजून दाखवलं: इतके महिने लागतील, तोवर बोटं आखडू द्यायची नाहीत आणि चुलीपाशी या हाताने काही धरायचं नाही, कारण भाजलेलं कळणार नाही. हंगाम संपला, टोळी गेली. पुढच्या हंगामात ती येऊन गेली. अंगठा करंगळीला टेकत होता. बोटांची टोकं अजून बधिर, सुईत दोरा ओवता येत नव्हता. जे परत आलं होतं ते शिवणाऱ्या सर्जनचं आणि वर्षभर न चुकता बोटं चोळणाऱ्या तिच्या सासूचं काम होतं.

अलीकडे पुण्या-मुंबईतली मुलं आईवडिलांसाठी टेन्सची मशीन ऑनलाइन मागवून गावी पाठवतात. माझी त्याला हरकत नाही. डबी स्वस्त आहे आणि नीट वापरली तर रात्रीची गोळी वाचते. पण पेसमेकर असलेल्याने ती लावायची नाही. गरोदरपणात पोटावर-कमरेवर नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला नाही, कॅन्सरच्या गाठीवर नाही, पोटरीत रक्ताची गुठळी असेल तर नाही. आणि जिथे स्पर्श कळत नाही तिथे मुळीच नाही. मधुमेहाने तळपाय बधिर झालेला माणूस "काहीच लागत नाही" म्हणून बटण वाढवत जातो. गावात भरलेल्या कुठल्याशा शिबिरातून घेतलेल्या यंत्राने तळपायाला चट्टा पडलेले एक आजोबा माझ्याकडे आले होते. ती जखम भरायला एक पावसाळा गेला. म्हणून पट्टी लावायच्या आधी मी दोन काचेच्या नळ्यांत गरम आणि गार पाणी भरून डोळे मिटलेल्या माणसाच्या पायाला टेकवते आणि विचारते, कुठली गरम? ज्याला सांगता येत नाही त्याला करंट नाही.

मशीन घेतलंच असेल तर ते घेऊन दवाखान्यात या, असं मी सगळ्यांना सांगते. पट्ट्या कुठे लावायच्या त्याच्या खुणा मी पेनाने अंगावर करून देते, घरच्या एकाला दोनदा लावायला लावते, आणि पट्ट्या लावल्यावर घरात कोणती तीन कामं करायची ती वहीत लिहून देते: न धरता खुर्चीतून उठणं, उंबऱ्याची पायरी, अंगणातून एक फेरी. त्याचे मी पैसे घेत नाही.